बांधावरचा धामणींचा ‘जोडा’

वळीव पडून गेला की एखाद्या सकाळी बांधावर दोन धामणी एकमेकींना पीळ घालून हात-दोन हात उभ्या राहिलेल्या दिसतात. मग माणसे गोळा होतात. कोणी पांढरे उपरणे अंगावर टाकतो, ते तिजोरीत ठेवले की बरकत येते म्हणून. कोणी नारळ आणायला धावतो. आणि एखादा काठी घेऊन येतो.

गेल्या मोसमात उसाच्या कडेला असाच घोळका दिसला, म्हणून मी गाडी थांबवली. पोचेपर्यंत दोन्ही जनावरे ठेचली गेली होती. मालक म्हणाले, “साहेब, जोडी ठेवली असती तर रानभर पिल्लं झाली असती.”

तर ऐका. ती जोडी नव्हतीच. असा पीळ घालून उभे राहतात ते नर. मादीसाठी चाललेली ती कुस्ती असते. चावाचावी नाही, फक्त समोरच्याला खाली दाबायचे. खरे मिलन जमिनीलगत, निवांत होते आणि आपल्या नजरेस फारसे पडत नाही. धामण ही नागाची मादी, असेही आपल्याकडे सर्रास म्हणतात. तेही खोटे. धामणीत नर-मादी वेगळे, नागात वेगळे.

आता पिल्लांचे म्हणाल, तर त्याचा हिशेब नराच्या पोटातून सुरू होतो. मी शेतकीचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण गाय भरवायला आपण सगळेच जातो, तिथूनच सांगतो. उणे १९६ अंशाच्या नायट्रोजनमधून कांडी काढून कोमट पाण्यात धरतात. त्या कांड्या भरताना रेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेले असते. शुक्रजंतू नुसते जिवंत असून भागत नाही. सरळ पुढे पळणारे किती, ते बघतात.

हे पळणे जन्मजात नसते. वृषणात तयार झालेला शुक्रजंतू दिसायला पुरा, पण पोहायला नालायक. वृषणाला चिकटून अधिवृषण नावाची वेटोळ्यांची बारीक नळी असते. वळूमध्ये त्यातून सरकायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तेवढ्यात तो पिकतो. झाडावरून उतरवलेली कैरी अढीत घालावी तसेच म्हणा.

सरपटणाऱ्या प्राण्यांतही हीच रीत आहे. साप-सरड्यांची वृषणे पोटाच्या आत, सापात तर एक पुढे आणि एक मागे. सरड्यांवर याचा बराच अभ्यास झाला आहे, आपल्या कुंपणावरच्या सरड्यावरसुद्धा. हंगाम आला की त्यांच्या अधिवृषणाच्या भिंती फुगतात आणि प्रथिनांचा स्राव सोडतात. फ्रान्समधल्या एका जातीत त्यातले एक प्रथिन थेट शुक्रजंतूच्या डोक्याला जाऊन चिकटते, असे आढळले. हंगाम सरला की नळी पुन्हा आक्रसते. सापाच्या नराचे मूत्रपिंडही यात हातभार लावते. त्याचा एक भाग हंगामात सुजल्यासारखा मोठा होतो आणि त्याचा स्राव रेतात मिसळतो.

वळू बारमाही रेत देतो, सापाचे तसे नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गार्टर नावाचे साप आहेत. त्यांचे शुक्रजंतू उन्हाळ्यात तयार होतात आणि मिलन मात्र पुढच्या वसंतात. मधला बर्फाचा सगळा काळ नर बिळात पडून असतो आणि माल रेतवाहिनीत साठवलेला. कणगीतले बियाणे पुढच्या पेरणीला काढावे, तसा हा प्रकार.

मादीची करामत याहून मोठी. गाईच्या पोटात शुक्रजंतू जेमतेम दिवसभर टिकतात. माजाची वेळ चुकली की एकवीस दिवस थांबा. सापाच्या मादीच्या अंडनलिकेत मात्र बारीक घड्या असतात, आणि शुक्रजंतू त्यात महिनोन् महिने राहतात. अमेरिकेत फ्लोरिडात २००५ साली पकडलेली खुळखुळ्या सापाची एक मादी पाच वर्षे नरावाचून ठेवली होती. २०१० साली तिला १९ पिल्ले झाली. तपासणीत त्यात बापाचा अंश निघाला, म्हणजे रेत जुनेच. तेव्हा एकट्या ठेवलेल्या सापिणीने अंडी घातली तर चमत्कार समजून हळद-कुंकू वाहायचे कारण नाही. (आपल्या कुंड्यांत गांडुळासारखा वाळा सापडतो, त्यात तर नरच नसतो, सगळ्या माद्या, आणि त्यांची अंडी नराशिवायच फळतात. पण तो विषय निराळा.)

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. साप मारणे हा त्याखाली गुन्हा आहे, हे सरपंच आणि पोलीस पाटलांनी गावसभेत एकदा बोलून ठेवावे. धामण बिनविषारी, उंदरांच्या बिळात शिरून शिकार करणारी. त्या दिवशी उसाच्या त्याच सरीत उंदरांनी कुरतडलेली कांडी मी मालकांना उचलून दाखवली. त्यांनी ती हातात फिरवली आणि विचारले, “मग साहेब, मादी कुठंय?”

म्हटले, “असेल तुमच्याच उसात. आणि भरलेलीही असेल.”

ते काठी टेकवून बराच वेळ फडाकडे बघत उभे राहिले.