ताकदीच्या गोळ्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंगात त्राण नाही, पायांत गोळे येतात, केस गळतात, हल्ली काही लक्षात राहत नाही. यांपैकी काहीही झालं की घरातल्या घरात निदान ठरलेलं असतं: ‘व्हिटॅमिन कमी झालं असेल.’ मग मेडिकलमधून ताकदीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप येते. बरं वाटलं तर ती वर्षभर चालू राहते आणि नाही वाटलं तर तिच्या जोडीला दुसरी येते. आपण औषध घेतोय हे कुणाच्या मनातही नसतं, कारण ‘व्हिटॅमिन काय बाधणार!’

जीवनसत्त्वांची कमतरता आपल्याकडे खरोखर मोठ्या प्रमाणावर आहे आणि ती शरीराइतकीच मनालाही पोखरते. मात्र जीवनसत्त्वांचा अतिरेक हाही खराखुरा आजार आहे. या दोन्हींची लक्षणं पुष्कळदा एकमेकांसारखी दिसतात आणि खरा धोका तिथेच आहे. म्हणून अंदाजाने गोळी सुरू करण्याआधी आपले काही समज तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १: थकवा म्हणजे ताकद कमी, आणि जीवनसत्त्वाची गोळी म्हणजे ताकद.

वस्तुस्थिती: जीवनसत्त्वांपासून उष्मांक मिळत नाहीत. ऊर्जा येते ती भाकरी, भात, डाळ, तेल-तुपातून. अन्नातली ही ऊर्जा मोकळी करणाऱ्या रासायनिक क्रियांना जीवनसत्त्वं लागतात, पण अगदी थोडी, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकी. ती कमी पडली की क्रिया अडते. पुरेशी असताना आणखी घेतली, तर क्रिया काही जोरात होत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर काम करणाऱ्या ख्रिस्तियान आइकमान यांच्या लक्षात आलं, की पॉलिश केलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या पुन्हा चालू लागतात. कोंड्यातलं ते द्रव्य म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आणि माणसांत त्याच्या अभावाने होणारा रोग म्हणजे बेरीबेरी. या कामासाठी आइकमान यांना १९२९ चं नोबेल मिळालं. उणीव होती म्हणून ती भरून काढल्यावर फरक पडला, हे यातलं मर्म आहे.

थकव्यामागे लोहाची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, अपुरी झोप, नैराश्य असं बरंच काही असू शकतं. गोळीच्या भरवशावर काढलेले महिने हे त्या मूळ आजाराला दिलेली मोकळीक ठरतात.

गैरसमज २: ब गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात.

वस्तुस्थिती: बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते, ती ब-२ मुळे. ते पाहून ‘जादा ते सगळं निघून गेलं’ असं लोकांना वाटतं. ब-६ बाबत ही समजूत महागात पडते. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २ मिलिग्रॅम ब-६ पुरतं. १९८३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली. ते दिवसाला २ ते ६ ग्रॅम, म्हणजे गरजेच्या हजारपट आणि त्याहूनही अधिक ब-६ घेत होते. त्यांचे पाय सुन्न पडले, चाल अडखळू लागली, हातांची नजाकतीची कामं जमेनात. पुढे याहून पुष्कळ कमी डोस दीर्घकाळ घेणाऱ्यांतही असा त्रास दिसून आला. अमेरिकेत रोजच्या ब-६ ची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम मानली जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने ती २०२३ मध्ये १२ मिलिग्रॅमवर आणली.

आता घरातली ‘नसांची गोळी’ हातात घ्या आणि मागचा बारीक मजकूर वाचा. त्यात पायरिडॉक्सिन असं नाव दिसेल, तेच ब-६. जोडीला मल्टिव्हिटॅमिन चालू असेल तर त्यातही ते असतं. एखादी प्रोटीन पावडर किंवा एनर्जी ड्रिंक घेत असाल, तर त्यावरही पाहा. या सगळ्यांची बेरीज सहसा कुणी करत नाही.

पायांना मुंग्या येण्याची कारणं आता शेजारी-शेजारी ठेवून पाहा. ब-१२ कमी असेल तर मुंग्या येतात. मधुमेहाने नसांना इजा झाली तर येतात. क्षयरोगावरच्या आयसोनियाझिड या औषधाने ब-६ कमी झालं तरी येतात, म्हणूनच त्या उपचारात डॉक्टर ब-६ जोडून देतात आणि ते रुग्णाने मनाने बंद करू नये. आणि ब-६ जास्त झालं तरीही मुंग्याच येतात! मुंग्या वाढल्या म्हणून तीच गोळी दिवसातून दोनदा घेणारा माणूस कदाचित आजारालाच खतपाणी घालत असतो.

गैरसमज ३: आमच्या जेवणात दूध-दही असतं, इडली-ढोकळा असतो. ब-१२ कमी पडायचा प्रश्नच नाही.

वस्तुस्थिती: ब-१२ ना वनस्पती तयार करतात ना प्राणी. ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात आणि मांस, मासे, अंडी, दूध यांच्यामार्फत आपल्यापर्यंत पोहोचतं. पालेभाज्या आणि डाळी इतर बाबतींत कितीही गुणी असल्या तरी त्यांत ते नसतं. आंबवलेल्या पिठावर विसंबण्याइतकं ब-१२ मिळत नाही. स्पिरुलिनात सापडतं ते बहुतांशी ब-१२ सारखं दिसणारं, पण माणसाच्या शरीराला उपयोगी न पडणारं द्रव्य असतं.

दुधाचा हिशेब सोपा आहे. १०० मिलिलीटर दुधात जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम ब-१२ असतं आणि प्रौढांची रोजची गरज दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. म्हणजे साधारण अर्धा लिटर दूध, किंवा तेवढ्या दुधाचं दही-ताक, रोज पोटात जायला हवं. दोन कप चहातलं दूध आणि जेवणातलं चमचाभर दही यांनी ही गरज भागत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या गावांत गर्भवतींच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत ब-१२ कमी आढळलं. म्हणजे हा प्रश्न आपल्या अगदी दाराशी आहे.

यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे कमतरता हळूहळू, नकळत येते. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीच्या काही गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर मांसाहारी माणसालाही ती गाठते. शाकाहार सोडायची मात्र गरज नाही. औषधातलं ब-१२ सूक्ष्मजीवांपासूनच बनवलेलं असतं आणि पुष्कळांना तोंडावाटे घेतलेली मोठ्या मात्रेची गोळी पुरते. इंजेक्शन कुणाला हवं, हे कमतरता किती तीव्र आहे आणि शोषणात अडचण आहे का, यावर डॉक्टर ठरवतात.

गैरसमज ४: हिमोग्लोबिन चांगलं आहे, म्हणजे ब-१२ ठीकच असणार. विसराळूपणा वयाचा आहे.

वस्तुस्थिती: ब-१२ च्या कमतरतेने रक्तक्षय होतो, पण रक्त ठीक असतानाही मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. नसांवरच्या आवरणाला ब-१२ लागतं. ते कमी पडलं की तळपायांना मुंग्या येतात, जमीन कापसासारखी मऊ वाटते. बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो, कारण पाय कुठे आहेत याची खबर मेंदूला नीट पोहोचत नाही आणि डोळ्यांचा आधारही क्षणभर सुटलेला असतो. मनावरचे परिणामही खरे आहेत: चिडचिड, उदासी, विसरभोळेपणा, कधी संशय आणि भ्रमसुद्धा. सत्तरीच्या आईवडिलांच्या स्वभावात असा बदल दिसला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. वेळेवर उपचार झाले तर यातलं बरंच भरून येतं, उशीर झाला तर काही इजा कायमची राहते.

इथे फॉलिक ॲसिडचा संबंध येतो आणि त्याचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार स्त्रियांतल्या गरोदरपणातल्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला मुंबईत आली. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने १९३१ मध्ये जाहीर केलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फोलेट, फॉलिक ॲसिडचं अन्नातलं रूप. आज गर्भवतींना दिलं जाणारं फॉलिक ॲसिड बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीसाठी अत्यंत आवश्यक आहे आणि ते टाळू नये. मात्र ब-१२ कमी असलेल्या माणसाने एकटं फॉलिक ॲसिड जास्त प्रमाणात घेतलं, तर रक्तक्षय सुधारतो आणि नसांची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. रिपोर्टमधलं हिमोग्लोबिन पाहून सगळे निर्धास्त होतात. पुण्याच्याच अभ्यासात, गरोदरपणी फोलेट जास्त आणि ब-१२ कमी असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला होणारा विरोध सर्वाधिक आढळला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गैरसमज ५: एवढ्या उन्हाच्या देशात ड जीवनसत्त्व कमी कसं असेल? आणि असलंच, तर पाऊच घेत राहावं.

वस्तुस्थिती: ऊन आहे, पण ते त्वचेवर पडत नाही. ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, कोवळ्या उन्हात ते अगदी कमी असतात आणि सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. दिवसभर ऑफिसात किंवा अंगभर कपड्यांत असणाऱ्यांना ते पुरेसं मिळत नाही. मुलांत याने मुडदूस होतो. मोठ्यांत हाडं दुखतात, मांड्यांतली ताकद जाऊन खाली बसल्यावर उठणं जड होतं.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या पाऊचमध्ये ६०,००० युनिट असतात, तर रोजची गरज सुमारे ६०० युनिटांची आहे. म्हणजे एका पाऊचमध्ये शंभर दिवसांचा ऐवज! कमतरता असेल तर तो आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घ्यायचा असतो. ‘आठवड्याला एक’ हे नीट न समजल्याने कुणी रोज घेतो, कुणी कोर्स संपल्यावरही चालू ठेवतो. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं. अति झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, वारंवार लघवी, मळमळ, बद्धकोष्ठता, मरगळ, मनाचा गोंधळ सुरू होतो आणि मूत्रपिंडांना इजा पोहोचते. गोळी थांबवल्यावरही हा त्रास आठवडे, महिने राहू शकतो. उन्हाने मात्र असं कधी होत नाही, कारण त्वचेत जादा झालेलं द्रव्य ऊनच मोडून टाकतं.

गैरसमज ६: उदास वाटतंय ना? ड आणि ब-१२ घे, मन ताळ्यावर येईल.

वस्तुस्थिती: कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी, आणि नैराश्याच्या रुग्णाची ती तपासणी करणंही योग्यच. पण सरसकट गोळी हा नैराश्यावरचा उपाय नाही. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ जणांवर पाच वर्षांहून अधिक काळ चाललेल्या चाचणीत काहींना रोज २,००० युनिट ड जीवनसत्त्व आणि इतरांना नुसतीच दिखाऊ गोळी दिली गेली. नैराश्य येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हे २०२० मध्ये जाहीर झालं. म्हणून कुणाची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर त्या माणसाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. चालू असलेली मनाची औषधं जीवनसत्त्वांच्या भरवशावर बंद करू नका.

गैरसमज ७: अँटिऑक्सिडंट जितके जास्त, तितका कर्करोग दूर.

वस्तुस्थिती: फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतल्या दुसऱ्या चाचणीत ई जीवनसत्त्वाचा मोठा डोस घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला, हे २०११ मध्ये समोर आलं. गाजर, भोपळा, पपई यांच्या खाण्याने असा धोका नाही. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसच्या गोळ्या गरोदरपणात घेतल्या तर बाळात जन्मजात व्यंग निर्माण होऊ शकतं. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना सहा महिन्यांनी मिळणारे अ जीवनसत्त्वाचे डोस वयानुसार ठरवलेले असतात, ते जरूर द्यावेत, त्यात घरची भर घालू नये.

गैरसमज ८: केसांसाठी बायोटिन आणि सर्दीसाठी क जीवनसत्त्व, यांत बिघडतं काय?

वस्तुस्थिती: बायोटिनची कमतरता दुर्मीळ आहे. त्याच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या झटक्यात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला. रक्त देण्याआधी लॅबला हे जरूर सांगा. क जीवनसत्त्व रोज घेतल्याने सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, तिचा मुक्काम फक्त थोडा कमी होतो. दिवसाला २ ग्रॅमच्या वर घेतलं तर जुलाब होतात आणि मुतखड्याची शक्यता वाढते.

मग करायचं काय?

गोळी सुरू करण्याआधी तपासणी करा, कारण आधी गोळ्या घेतल्या की रक्तातला आकडा वाढलेला दिसतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप, पावडरी आणि पाऊच पिशवीत घालून घेऊन जा आणि ‘ही औषधं नाहीत, नुसती व्हिटॅमिन आहेत’ असं म्हणून एकही वगळू नका. प्रत्येक गोळीबद्दल तीन प्रश्न विचारा: कशासाठी, किती आणि कधीपर्यंत? शाकाहारी कुटुंबांनी, गर्भवतींनी, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी आणि घरातल्या वृद्धांनी ब-१२ कडे खास लक्ष द्यावं. ज्याला खरी उणीव आहे त्याला गोळी वेळेवर मिळायला हवी, आणि ज्याला ती नाही त्याच्या ताटात ती नसावी.