‘कुणाचा रे तू?’ : संस्थेत वाढलेली मुलं आणि समानतेचा प्रश्न

बारामती-इंदापूरकडच्या गावांत नवं पोरगं दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘कुणाचा रे तू?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. वाडी कळते, भावकी कळते, मग पोराला चहाही मिळतो. हाच प्रश्न बालगृहात वाढलेल्या मुलाला विचारला, की तो खाली बघतो. आपल्याला वाटतं, लाजाळू आहे.

भेदभाव म्हटलं की आपण शिवी किंवा वेगळी पंगत शोधतो. ती असतेच. पण हा गावचा प्रश्न छापील अर्जातही उतरतो : वडिलांचं नाव, आडनाव, जात. जात ठाऊक नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून स्पर्धा खुल्या गटात. घर, शिकवणी, ओळखीपाळखी सगळं असलेल्यांशी. कागदावर मात्र ही समानताच! असमानांना समान वाटा देणं हाही अन्याय, हे अ‍ॅरिस्टॉटलनं कधीच सांगून ठेवलंय.

महाराष्ट्रात हा पेच अमृता करवंदे यांनी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनंतर सरकारपुढे मांडला. २ एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानं अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण मिळालं. मोठीच गोष्ट. पण मग, अनाथ कोण? आई-बाप गेलेला, की आई-बापांनी सोडलेला? २०२३ मध्ये दोन मुलींचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आलं. आरक्षण अनाथांना आहे, सोडून दिलेल्यांना नाही, अशी सरकारची भूमिका. या दोघांत फरक तो काय, असं न्यायालयानं विचारलं. आम्हालाही तो सापडत नाही. आणि एक पालक असून घर नसलेली मुलं? बालगृहांत तीही असतात.

२०१५ चा बाल न्याय कायदा कलंक लावणारी भाषा वापरू नका म्हणतो. म्हणजे वर्गात ‘संस्थेची मुलं उभी राहा’ हे चालत नाही. वह्या वाटायच्या असल्या तरी नाही. (बालगृहात आपल्या लेकराचा केक कापून तिथल्या मुलांचे फोटो मोबाईलवर फिरवणाऱ्यांनीही हे ऐकावं.)

अठरा पूर्ण झाली की बालगृह सुटतं. पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय कायद्यात आहे. पण ती सगळ्यांपर्यंत पोचत नाही. मग कॉलेजसाठी बारामतीत खोली बघणाऱ्या पोराला घरमालक दारातच विचारतो, ‘गाव कुठलं? घरी कोण असतं?’