पौंडामागे एक पेनी

गावात वाचनालय हवे, असे सारेच म्हणतात. पैसा कोणी द्यायचा, इथे गाडे अडते. इंग्लंडातील मँचेस्टर या गिरण्यांच्या शहराने एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे.

१८५० च्या कायद्याने घरांच्या वार्षिक भाडेमूल्यावर पौंडामागे अर्धा पेनी ग्रंथालय कर बसवण्याची मुभा दिली. पण त्यातून पुस्तके घेण्यास परवानगी नव्हती. ती देणगीतूनच मिळवायची! १८५२ साली मँचेस्टरच्या करदात्यांनी कौल दिला : ३,९६२ बाजूने, ४० विरुद्ध. वाचनालयासाठी कामगारांनीही वर्गणी दिली. १८५५ साली कराची मर्यादा एक पेनी झाली आणि पुस्तकखरेदीची वाट मोकळी झाली. तेव्हा पौंडाचे २४० पेनी होत. एवढ्याशा कराच्या आधारावर १८५७ साली ह्यूम आणि अँकोट्स या कामगारवस्त्यांत शाखा उघडल्या. शाखेचा दिवाबत्तीचा खर्च आणि ग्रंथपालाचा पगार दरवर्षी लागतो. तो एकदाच मिळालेल्या देणगीतून निघत नाही.

कर्नाटकच्या १९६५ च्या ग्रंथालय कायद्यात असाच कर आहे. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही, तिथे सरकारी अनुदान मिळते. म्हणजे कर्नाटकातील आम्ही सीमावासीय घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर भरतो. मग आपल्या भागातील सरकारी वाचनालयात मराठी पुस्तके किती, हे विचारणे ही याचना नव्हे. घरपट्टीची पावती एकदा नीट वाचावी आणि ती खिशात घालूनच वाचनालयाची पायरी चढावी.