फुटबॉलचे मैदान आणि एड्सप्रतिबंध : बुलावायो येथील प्रयोगाचा परिचय

कोणताही विषय शिकविण्यापूर्वी त्याविषयी मोकळेपणाने बोलता येणे आवश्यक असते. गणित, भूगोल वा भाषा शिकविताना शिक्षकास ही अडचण जाणवत नाही. परंतु आरोग्यशिक्षणातील काही प्रकरणे अशी आहेत की, ती पुस्तकात छापलेली असूनही वर्गात वाचली जात नाहीत. शिक्षक पाने उलटून पुढे जातो, विद्यार्थी मान खाली घालून हसतात, आणि त्या दिवशी जे सांगावयाचे राहते ते पुढे कधीच सांगितले जात नाही. एचआयव्ही या विषाणूचा संसर्ग आणि त्यापासून उद्भवणारा एड्स हे अशा प्रकरणांपैकी एक होय. ही कोंडी फोडण्यासाठी आफ्रिका खंडातील काही देशांत फुटबॉलचा उपयोग करण्यात आला. तो कसा करण्यात आला, त्यापासून काय साधले व काय साधले नाही, आणि प्राथमिक शिक्षकास त्यातून काय घेता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

पार्श्वभूमी

एड्सची पहिली नोंद १९८१ साली अमेरिकेत झाली. त्यास कारणीभूत होणारा विषाणू १९८३ साली फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी शोधून काढला. भारतात संसर्गाची पहिली प्रकरणे १९८६ साली मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, येथे उघडकीस आली. तथापि या साथीचा सर्वांत मोठा आघात आफ्रिकेच्या दक्षिण भागावर झाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस झिंबाब्वे देशातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांस या विषाणूचा संसर्ग झालेला होता. एकेकाळी साठ वर्षांच्या आसपास असलेले तेथील सरासरी आयुर्मान चाळिशीत उतरले. मरणारे लोक म्हातारे नव्हते. ते कर्ते स्त्रीपुरुष होते, आणि त्यांच्यामागे पोरकी मुले राहत होती.

इतके असूनही रोगाचे नाव घेण्यास कोणी धजत नसे. मृत्यूचे कारण म्हणून क्षय किंवा दुसरा एखादा आजार सांगितला जाई. हा रोग मुख्यतः शरीरसंबंधातून पसरतो, यामुळे त्याचे नाव घेणे म्हणजे मृताच्या चारित्र्याविषयी बोलणे, असा समज रूढ झाला होता. या मौनाचा परिणाम असा झाला की, ज्या वयात मुलांना माहितीची सर्वाधिक गरज होती त्याच वयात ती त्यांना कोणीही देत नव्हते.

प्रयोगाचा उगम

बुलावायो हे झिंबाब्वेतील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. १९२६ साली स्थापन झालेला हायलँडर्स हा तेथील फुटबॉल संघ लोकांच्या विशेष प्रेमाचा विषय आहे. अमेरिकेचे टॉमी क्लार्क हे काही काळ बुलावायो येथे राहून या संघातून खेळले व पुढे बालरोगतज्ज्ञ झाले. आपल्या परिचयाचे खेळाडू या रोगास बळी पडत आहेत आणि तरीही त्याविषयी कोणी उघडपणे बोलत नाही, ही गोष्ट त्यांच्या मनास लागून राहिली. ज्या खेळाडूंकडे पाहून गल्लीबोळांतील मुले चेंडू लाथाडण्यास शिकतात, तेच खेळाडू या विषयावर बोलू लागले तर मुले ऐकतील, असा विचार त्यांनी मांडला. झिंबाब्वेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले मेथेम्बे एन्डलोवू, तसेच ईथन झॉन व कर्क फ्रीड्रिक यांच्या सहकार्याने २००२ साली ‘ग्रासरूट सॉकर’ ही संस्था स्थापन झाली. नामवंत खेळाडूंना प्रशिक्षण देऊन शाळांत पाठविण्यापासून कामास आरंभ झाला. पुढे वस्तीतीलच तरुण स्त्रीपुरुषांना प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात येऊ लागले, आणि हे कार्य दक्षिण आफ्रिका, झांबिया आदी देशांत पोहोचले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुटबॉलच्या अंगी रोग टाळण्याचा कोणताही गुण नाही. खेळल्याने शरीर बळकट होते, परंतु बळकट शरीरासही या विषाणूचा संसर्ग होतो. संस्थेने फुटबॉल निवडला तो दोन कारणांनी. एक, मुलांना तो आवडतो व त्यासाठी ती आपण होऊन येतात. दुसरे, खेळताना मुलाचा संकोच गळून पडतो, आणि खेळानंतर घोळका करून बसलेली मुले वर्गातील बाकांवरील मुलांपेक्षा अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारतात.

शिकविण्याची रीत

या पद्धतीत प्रथम खेळ व नंतर चर्चा असा क्रम असतो. उदाहरणादाखल दोन खेळ पाहू.

पहिला खेळ ‘चेंडू कोणाजवळ?’ हा होय. मुलांचे दोन गट समोरासमोर दोन रांगांत खांद्याला खांदा लावून उभे राहतात. एका गटातील मुले हात पाठीमागे धरून एक लहान चेंडू एकमेकांकडे सरकवीत राहतात. खूण होताच ती थांबतात, आणि समोरच्या गटाने केवळ चेहरे पाहून चेंडू कोणाजवळ आहे ते ओळखावयाचे असते. अंदाज बहुधा चुकतो व हशा पिकतो. काही डाव झाल्यावर प्रशिक्षक सांगतो की, हा चेंडू म्हणजे एचआयव्ही समजा. मग प्रश्न येतो : नुसते पाहून कोणास संसर्ग झाला आहे हे सांगता येईल काय? मुलांनी आताच दहा वेळा प्रयत्न करून पाहिलेला असतो, त्यामुळे उत्तर प्रशिक्षकास द्यावे लागत नाही. रक्ततपासणीवाचून ते कळत नाही, हे सूत्र ती स्वतःच काढतात.

दुसरा खेळ धोक्याच्या मैदानाचा. मैदानावर ठिकठिकाणी खुणेचे शंकू मांडतात. प्रत्येक शंकू एकेका धोक्याचा निदर्शक असतो : असुरक्षित शरीरसंबंध, अनेकांशी संबंध, वयाने बऱ्याच मोठ्या व्यक्तीशी संबंध, मद्यपान. मुलांनी चेंडू पायाने खेळवीत या शंकूंमधून वाट काढावयाची. चेंडू शंकूस लागला तर पहिल्या फेरीत त्या खेळाडूने जोर काढावयाचे, दुसऱ्या फेरीत त्याच्या गटातील सर्वांनी, आणि तिसऱ्या फेरीत मैदानावरील प्रत्येकाने. एकाच्या कृतीचा भार कुटुंबावर व अखेरीस साऱ्या गावावर पडतो, ही गोष्ट व्याख्यानाने जितकी पटत नाही तितकी या तिसऱ्या फेरीने पटते.

पद्धतीतील धोके

असे खेळ घेताना शिक्षकाने दोन बाबतींत विशेष दक्षता बाळगणे इष्ट आहे. पहिल्या खेळात चेंडू हातातून हातात जातो. त्यावरून हा विषाणू स्पर्शाने पसरतो, असा उलटाच समज लहान मुलांच्या मनात रुजण्याचा संभव आहे. म्हणून खेळ संपताच स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे की, हस्तांदोलन, एकत्र खेळणे, एका ताटात जेवणे, एकच पाणवठा वा शौचालय वापरणे, खोकला, घाम, डास यांमुळे एचआयव्ही पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त, दूषित सुया, आणि उपचार न घेतलेल्या मातेपासून बाळास होणारा संसर्ग, हे त्याचे मार्ग होत.

दुसऱ्या खेळात चूक करणाऱ्यास शिक्षा आहे. त्यावरून रोग म्हणजे पापाचे फळ, असा अर्थ निघू शकतो. समोर बसलेल्या मुलांपैकी एखाद्यास जन्मापासून संसर्ग असेल, किंवा त्याने आईवडिलांपैकी कोणास या रोगात गमावले असेल, हे शिक्षकास ठाऊक नसते. त्या मुलाच्या दृष्टीने या तासातील एकेक शब्द जपून उच्चारला जाणे फार महत्त्वाचे आहे. संसर्ग ही शिक्षा नव्हे, तो कोणासही होऊ शकतो, आणि नियमित औषधे घेणारा मनुष्य दीर्घकाळ निरोगी जीवन जगतो, हे वाक्य त्याच्यासाठी उच्चारले गेलेच पाहिजे. औषधांमुळे रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासणीत न आढळण्याइतके खाली आले व तसेच टिकले, तर शरीरसंबंधातून संसर्ग दुसऱ्यास होत नाही, हेही आज सिद्ध झाले आहे.

फलनिष्पत्ती

खेळाने माहिती वाढते; पण माहिती वाढल्याने वर्तन बदलतेच असे नाही. याची साक्ष खुद्द बुलावायोतच मिळते. पुरुषांची सुंता केल्यास स्त्रीकडून होणाऱ्या संसर्गाची शक्यता सुमारे शेकडा ६० ने कमी होते, असे आफ्रिकेतील चाचण्यांत आढळून आले, आणि ज्या देशांत साथ मोठी आहे अशा देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली या उपायाची शिफारस केली. भारतासाठी अशी सार्वत्रिक शिफारस नाही. २०१२ साली बुलावायोतील प्रौढ फुटबॉल संघांपैकी काही संघांत, स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्या प्रशिक्षकाने सुमारे एक तासाचे सत्र घेतले व आपला अनुभव सांगितला. या संघांतील शेकडा ४.८ पुरुषांनी शस्त्रक्रिया करून घेतली, तर सत्र न झालेल्या संघांत हे प्रमाण शेकडा ०.५ होते.

या आकड्यांचे वाचन दोन्ही बाजूंनी करावे. विश्वासातील मनुष्याच्या एका तासाच्या बोलण्याने प्रमाण सुमारे नऊ-दहा पटींनी वाढले, हे लहान यश नव्हे. त्याचबरोबर शंभरांतील पंचाण्णव जण तसेच राहिले, हेही विसरता येत नाही. एका सत्राने काम संपत नाही. त्यामागे दवाखाना, समुपदेशक व पुन्हा पुन्हा भेटणारा मनुष्य उभा असावा लागतो.

केनियाची राजधानी नैरोबी येथील माथारे या दाट झोपडवस्तीत १९८७ साली सुरू झालेल्या युवक क्रीडा संघटनेचा अनुभव हेच सांगतो. तेथील स्पर्धांत सामने जिंकल्याचे गुण मिळतात, तसेच वस्तीची साफसफाई केल्याचेही गुण मिळतात. एड्सविषयीचे शिक्षण १९९४ पासून तेथे याच चाकोरीतून देण्यात येऊ लागले, आणि मोठी मुले लहानांस शिकवू लागली. खेळ, सेवा व शिक्षण ही तिन्ही एकाच संघात नित्य चालू राहिली, म्हणूनच ते कार्य टिकले.

आपल्या शाळांत काय करता येईल?

बुलावायोतील वर्ग साधारणतः बारा वर्षांवरील मुलामुलींसाठी असतात. आपल्याकडे सातवी व आठवीचे विद्यार्थी या वयात मोडतात. प्राथमिक शाळेत संपूर्ण कार्यक्रम उचलून आणण्याचे कारण नाही. त्यातील विवेक मात्र घेता येईल. पुढील सूचना त्या दृष्टीने उपयुक्त ठराव्यात.

१. ‘चेंडू कोणाजवळ?’ या खेळास फुटबॉल लागत नाही. रबरी चेंडू किंवा लिंबूही पुरते. जेथे कबड्डी व खोखो हेच खेळ रुजले आहेत, तेथे त्या खेळांनंतरच्या विश्रांतीत हा डाव घ्यावा.

२. चर्चेपूर्वी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व पालक यांना विषयाची कल्पना द्यावी. मातापालकांच्या बैठकीत तोच खेळ खेळून दाखविल्यास शंका आपोआप मावळतात. शरीरविषयक प्रश्नांसाठी मुलींची चर्चा शिक्षिकेने किंवा आरोग्यसेविकेने घेणे सोयीचे होते.

३. कागदाच्या चिठ्ठ्यांवर नाव न घालता प्रश्न लिहून डब्यात टाकण्यास सांगावे. ज्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल ते विचारून सांगण्याचे आश्वासन द्यावे व ते पाळावे.

४. कोणाही विद्यार्थ्याची वा कुटुंबाची चौकशी करू नये. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. संसर्गाच्या कारणावरून शिक्षणसंस्थेत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आहे, आणि एखाद्याची अशी माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यासही मनाई आहे.

५. खेळताना कोणास जखम होऊन रक्त आले, तर त्यास बाजूस घेऊन जखम धुवावी व पट्टी बांधावी. प्रत्येकाच्या रक्ताबाबत सारखीच काळजी घ्यावी, म्हणजे कोणा एकास वेगळे काढण्याचा प्रसंग येत नाही.

६. चर्चेच्या ओघात एखाद्या मुलाने आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार सांगितल्यास ते गुपित राखता येत नाही. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकावे, त्यास दोष देऊ नये, व ही गोष्ट वर्गात चर्चिली जाऊ देऊ नये.

७. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत तपासणी विनामूल्य होते, आणि भारतात शासनातर्फे औषधे २००४ पासून विनामूल्य दिली जातात. १०९७ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा.

समारोप

बुलावायोच्या प्रयोगात चेंडूपेक्षा चेंडू थांबल्यानंतरचा काळ मोलाचा ठरला. त्या वेळी मुलांच्या ओळखीचा, त्यांना आवडणारा एक मोठा मनुष्य त्यांच्याबरोबर मातीत बसला आणि ज्या गोष्टीचे नाव घेण्यास गाव कचरत होता ती साध्या शब्दांत बोलला. तेथे हे काम नामांकित खेळाडूंकडून करून घ्यावे लागले. खेड्यातील शाळेत असा ओळखीचा व विश्वासाचा मनुष्य आधीपासूनच आहे. तो म्हणजे शिक्षक होय. त्याने संकोच सोडल्यास विद्यार्थ्यांचा संकोच सुटण्यास वेळ लागत नाही. प्रतिवर्षी १ डिसेंबर हा जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रभातफेरी काढून फलक मिरविण्याबरोबरच अर्धा तास पटांगणावर हा डाव घ्यावा आणि त्यानंतर मुलांचे प्रश्न ऐकण्यासाठी आणखी अर्धा तास राखून ठेवावा.