‘अँग्री’च्या पुढे काय येतं?

‘मॅडम इज अँग्री ऑन मी.’ अकरावीच्या नव्या तुकडीत हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. बोलणाऱ्या पोराचा मला राग येत नाही. मराठीत आपण माणसावर रागावतो, आणि ‘वर’ म्हणजे ‘ऑन’ हे त्याच्याकडून लहानपणीच घोटून घेतलेलं असतं. इंग्रजीत मात्र माणूस समोर असला की ‘अँग्री विथ’, अमेरिकेकडे बरेचदा ‘अँग्री ॲट’. आणि राग एखाद्या गोष्टीमुळे आला असेल, समजा विजेच्या बिलामुळे, तर ‘अँग्री अबाउट’. विशेषण एकच, पण मागे माणूस आला की एक शब्द आणि कारण आलं की दुसरा.

मी कोल्हापुरात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते. योग्य प्रीपोझिशन भरा, हा प्रश्न मुलं याद्या पाठ करून सोडवतात. रेन आणि मार्टिनच्या व्याकरणातही अशी यादी आहे. यातला रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होता आणि पुढे 1924 साली ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी त्याने लिहिली, हे सांगितलं की मुलं जरा मान वर करतात. याद्यांशी माझं भांडण एवढंच की त्या बहुतेकदा एबीसीडीच्या क्रमाने लावलेल्या असतात. त्यामुळे शेजारी बसायला हवे असे शब्द चार पानं लांब जाऊन पडतात.

मी फळ्यावर आधी मराठीच लिहिते. कुत्र्याची भीती. मुलीचा अभिमान. चुकीची लाज. धोक्याची जाणीव. गोडाची आवड. शेजाऱ्याचा मत्सर. आता इंग्रजी करा म्हटलं की अफ्रेड, प्राउड, अशेम्ड, अवेअर, फाँड, जेलस, आणि सगळ्यांच्या मागे निमूट ‘ऑफ’. मराठीत जिथे मनातल्या भावनेला चा-ची-चे लागतं, तिथे इंग्रजीत पुष्कळदा ‘ऑफ’ येतं. हे दिसलं की मुलं आपणहून यादी वाढवतात. खात्री आली की शुअर ऑफ, संशय आला की सस्पिशस ऑफ. मग मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मुलाची काळजी’ काढतं आणि गाडी अडते, कारण तिथे ‘वरीड अबाउट’ लागतं. अडू दे. नियम म्हणून नव्हे, ओळख पटावी म्हणून हे मी सांगते.

जिथे मराठी दगा देते ती ठिकाणं वेगळी लक्षात ठेवावी लागतात. लग्न आपण कुणाशी तरी करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ तोंडात येतं; हवं असतं ‘मॅरीड टू’. ‘पेक्षा’मुळे ‘सीनिअर दॅन’, ‘सुपीरिअर दॅन’ होतं. सीनिअर, ज्युनिअर, सुपीरिअर, इन्फीरिअर ही मुळातच लॅटिनमधली तुलनेची रूपं. इंग्रजीने ती उचलली, पण ‘दॅन’ काही त्यांना लावलं नाही; त्यांच्या वाट्याला ‘टू’ आलं.

सगळ्यात मजा ‘गुड’ची. आमच्या कॉलेजात एक शिपाईकाका होते. हिशेबात पक्के, म्हणून गुड ॲट अकाउंट्स. बिघडलेला पंखा, रुसलेलं कुलूप त्यांच्या हाताखाली गेलं की सरळ व्हायचं, म्हणून गुड विथ हिज हँड्स. नव्याने आलेल्या शिक्षकांशी ते मायेने वागायचे, तेव्हा गुड टू अस. आणि जेवणानंतर ताक प्या, ते पोटाला चांगलं, हा त्यांचा सल्ला म्हणजे गुड फॉर. चारही ठिकाणी ‘गुड’ तेच, पण कौशल्य, हाताळणी, वागणूक आणि उपयोग अशा चार गोष्टी मागे आलेल्या एवढ्याशा शब्दाने वेगळ्या केल्या. ‘फॅमिलिअर’ तर बाजूच पालटतं. मी रंकाळा तलावाशी परिचित असेन तर फॅमिलिअर विथ. रंकाळा मला परिचित असेल तर फॅमिलिअर टू.

हे सगळं ठरवतं कोण? बोलणारे आणि लिहिणारे. ते मोजायचे प्रयत्नही झालेत, आणि त्यातला एक आमच्याच गावचा आहे. 1961 साली छापलेल्या अमेरिकन इंग्रजीचे दहा लाख शब्द ब्राउन विद्यापीठात संगणकावर साठवले गेले. त्याच धर्तीवर शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी 1978 सालच्या भारतीय इंग्रजीचे, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे जमवले. 1986 मध्ये पूर्ण झालेला हा संग्रह जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ या नावानेच ओळखला जातो. गावात हे फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खंत आहे.

अशा संग्रहात ‘अँग्री’ शोधलं की तो शब्द असलेल्या सगळ्या ओळी एकाखाली एक लागतात, शब्द बरोबर मधोमध. उजवीकडचा भाग वरून खाली वाचत जायचं; कुणाच्या मागे काय येतं ते डोळ्यांनाच दिसतं. दहा लाख शब्द ऐकायला पुष्कळ, पण एका विशेषणाच्या वाट्याला थोड्याच ओळी येतात, आणि त्यातल्या कितीतरी ओळींत पुढे प्रीपोझिशन नसतंच. म्हणून पुढे संग्रह वाढत गेले. 1994 मध्ये पूर्ण झालेला ब्रिटिश नॅशनल कॉर्पस दहा कोटींचा आहे. बर्मिंगहॅममध्ये जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली अशाच संग्रहावरून केलेला ‘कोबिल्ड’ शब्दकोश 1987 साली आला. त्यात अर्थाशेजारी एक अरुंद रकाना असे आणि शब्द वाक्यात कसा वागतो ते तिथे दिलेलं असे. मला व्याख्यांपेक्षा तो रकानाच जास्त उपयोगी पडला.

अशा मोजणीने पंतोजींची काही भांडणंही निवतात. ‘डिफरंट’नंतर फक्त ‘फ्रॉम’, हा हट्ट इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने 1926 सालीच अंधश्रद्धेत काढला होता. ‘डिफरंट टू’ ब्रिटनमध्ये सर्रास चालतं, ‘डिफरंट दॅन’ अमेरिकेत. ‘फ्रॉम’ दोन्हीकडे खपतं, म्हणून मी ते शिकवते.

सध्या वाद आहे तो ‘बोअर्ड ऑफ’चा. पुस्तकं सांगतात बोअर्ड विथ किंवा बाय. पण इंग्लंडमधली तरुण मंडळी ‘टायर्ड ऑफ’च्या चालीवर बिनदिक्कत ‘बोअर्ड ऑफ’ म्हणतात, आणि ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणणारी माझी मुलंही नेमकी तिथेच जातात. मैत्रिणीला मेसेज करताना खुशाल ‘ऑफ’ लिहा, असं मी त्यांना सांगते. बोर्डाच्या पेपरात ‘विथ’ लिहा. तपासणारे माझ्या वयाचे असतात.