दिव्यांगांसाठी स्नानगृह : साहाय्याचे मार्ग आणि स्थानिक संस्थांचे कर्तव्य

घरातील सर्वांत लहान जागा म्हणजे न्हाणीघर व शौचालय. परंतु ज्या व्यक्तीच्या पायांत बळ नाही, जिचा तोल राहत नाही किंवा जिला दिसत नाही, तिच्या दृष्टीने घराची खरी कसोटी तेथेच लागते. सहा इंचांचा उंबरठा, चाकाची खुर्ची न मावणारे दार, ओली गुळगुळीत फरशी आणि उकिडवे बसावे लागणारे भांडे या चार गोष्टी धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाहीत. दिव्यांग व्यक्तीला मात्र त्यांच्यामुळे प्रत्येक वेळी दुसऱ्याचा हात धरावा लागतो. हात देणारे माणूस कामावर गेले असेल तर वाट पाहणे, त्यासाठी पाणी कमी पिणे किंवा सरपटत आत जाणे एवढेच तिच्या हाती उरते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दिव्यांग व्यक्तींची संख्या २९ लाखांहून अधिक होती. हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती कळून येते.

कायद्याचा आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षिततेच्या योजनांचा विचार करताना सुरक्षित पिण्याचे पाणी आणि दिव्यांगांना वापरता येतील अशा स्वच्छतेच्या सोयी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. ग्रामीण भाग व शहरांतील झोपडपट्ट्या यांवर तेथे विशेष भर दिलेला आहे. इतरांसाठी असलेल्या तत्सम योजनांपेक्षा दिव्यांगांना मिळणारे साहाय्य किमान २५ टक्के अधिक असावे, असेही याच कलमात म्हटले आहे. शासनाच्या आर्थिक क्षमतेची मर्यादा कायद्याने मान्य केली आहे; तथापि दिशा निःसंदिग्ध आहे. शौचालय नुसते असून भागत नाही. ते संबंधित व्यक्तीला वापरता आले पाहिजे.

निधी कोठून मिळतो ?

ब्रिटनमध्ये दिव्यांगांच्या घरातील अशा फेरबदलांसाठी १९९० पासून स्वतंत्र अनुदान आहे. अर्जदार पात्र ठरल्यास ते देणे तेथील स्थानिक संस्थांवर कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे हे साहाय्य निरनिराळ्या योजनांत विखुरलेले असल्याने त्यांची सांगड घालावी लागते.

पहिला मार्ग स्थानिक संस्थांच्या निधीचा. जिल्हा परिषद, पंचायत समिती व ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी, असा शासन निर्णय २०१८ मध्ये निघाला. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होते. नागरी संस्थांनाही ५ टक्क्यांचेच प्रमाण लागू करण्यात आले.

दुसरा मार्ग शौचालयाच्या अनुदानाचा. २०१४ मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण भागातील वैयक्तिक शौचालयासाठी १२ हजार रुपयांचे प्रोत्साहनपर अनुदान ठरविण्यात आले. दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांपैकी ज्या गटांना त्यासाठी पात्र मानले गेले, त्यांत दिव्यांगांचा समावेश होता.

तिसरा मार्ग साधनांचा. केंद्र शासनाची १९८१ पासूनची साहाय्यक साधनांची योजना आणि ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय वयोश्री योजना यांतून साधने दिली जातात. राज्य शासनाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र व्यक्तींना एकवेळ ३ हजार रुपयांचे साहाय्य असून, कमोड खुर्ची ही त्या योजनेतील एक बाब आहे. जेथे बांधकाम शक्य नाही, विशेषतः भाड्याच्या घरात, तेथे अशी खुर्चीच उपयोगी पडते.

बांधकाम कसे असावे ?

अनुदान मिळूनही मापे चुकली तर खर्च वाया जातो. दाराची मोकळी रुंदी सुमारे ९० सेंटिमीटर असावी आणि दार बाहेर उघडावे. आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार अडकते. उताराचे प्रमाण १ : १२ असावे, म्हणजे १५ सेंटिमीटर उंचीच्या उंबरठ्यासाठी १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. तेवढी जागा नसल्यास उंबरठाच काढून टाकणे श्रेयस्कर. बैठकीची उंची ४५ ते ४८ सेंटिमीटर ठेवावी आणि शेजारी भिंतीत पक्का आधारदांडा बसवावा. दांडा माणसाचे पूर्ण वजन पेलणारा हवा. नळाच्या पाइपाला धरून उठणे धोक्याचे असते. फरशी खडबडीत असावी व नळ, मग, साबण बसल्या जागी हाताला यावेत. अंध व्यक्तीसाठी या वस्तूंची जागा न बदलणे हीच मोठी सोय होय. गवंड्याने काम सुरू करण्यापूर्वी त्या व्यक्तीला प्रत्यक्ष बसवून मापे घ्यावीत.

नागपूर जिल्ह्यातील अर्जदारासाठी

प्रथम दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र आवश्यक आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट असते. नागपूर शहरातील रहिवाशाने महानगरपालिकेच्या समाज विकास विभागाकडे आणि ग्रामीण भागातील रहिवाशाने ग्रामपंचायतीकडे किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे चौकशी करावी. अर्जासोबत जागेचे छायाचित्र, घराच्या मालकीचा पुरावा आणि नेमक्या कामांचे अंदाजपत्रक जोडल्यास निर्णय सुलभ होतो. केंद्र शासनाचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त प्रादेशिक केंद्र नागपुरातच असल्याने कोणते साधन योग्य, याविषयी तेथील तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो.

ग्रामसभेपुढील प्रश्न

एखाद्या ग्रामपंचायतीचे स्वउत्पन्न ४ लाख रुपये असेल, तर ५ टक्क्यांप्रमाणे २० हजार रुपये होतात. गावात २० दिव्यांग असतील आणि ही रक्कम समान वाटली, तर प्रत्येकाच्या हाती एक हजार रुपये पडतात. हिशेब पूर्ण होतो, पण एकही उंबरठा हलत नाही. हीच रक्कम दरवर्षी गरजेच्या क्रमाने दोन-तीन घरांतील फेरबदलांकडे वळविली, तर काही वर्षांत गावातील चित्र पालटू शकते. शासन निर्णयातील बाबींशी पडताळून असा क्रम ग्रामसभेने ठरवावा व तो ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात नोंदवावा. अर्थात, ज्यांना आपले नाव मागे ठेवावे लागेल, त्यांची संमती मिळविणे हे सोपे काम नाही. म्हणूनच यादी घरभेटी देऊन आणि सर्वांसमक्ष तयार झाली पाहिजे.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. कोणते मूल शाळेत पाणी पिण्याचे टाळते, कोणते दुपारीच घरी जाते, हे त्यांनाच प्रथम दिसते. शौचालय बांधून पूर्ण झाल्याची नोंद कागदावर होते. ते वापरले जाते की नाही, हे मात्र त्या घरात जाऊन विचारल्यावरच कळते. पंचायत सदस्यांनी एवढी एक चौकशी केली, तरी कायद्याने दिलेला हक्क उंबरठ्याच्या आत पोहोचेल.