कोंडलेली बंदूक

भात पोटरीला आलं की आमच्याकडे राखण सुरू होते. रात्री माळ्यावर बसायचं, डुकरांची चाहूल लागली की हाकाटी करायची, पत्र्याचा डबा बडवायचा, नाहीच भागलं तर हवेत एक बार काढायचा. पहाटे भिजून घरी आलेला माणूस कपडे बदलतो, चहा घेतो आणि आडवा होतो. बंदूक मात्र तशीच कॅनव्हासच्या खोळीत जाते आणि खोळ खुंटीला लागते. चार दिवसांनी खोळ काढावी, तर चापाच्या आसपास आणि नळीच्या सांध्यात नारिंगी बुरा धरलेला असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपवत आणले. तेव्हापासून कोकणातल्या शिकारीच्या बंदुका शेती संरक्षणाच्या परवान्यावर राखणीच्या झाल्या. हवेत बार काढण्यापलीकडे जायचं, तर वनखात्याची परवानगी लागते. पण बंदूक ठासणीची असो की बारा बोअरची काडतुसाची, तिचं काम नेमकं पावसाळ्यात असतं. म्हणून ती टिकवायची विद्याही पावसाळ्याचीच आहे. माझ्या आजोबांनी ती एका वाक्यात सांगून ठेवली होती : ‘‘भिजल्यार काय होवचा नाय, कोंडल्यार कुसतली.’’

त्यांचं म्हणणं रसायनशास्त्रालाही मान्य आहे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. त्यासाठी पावसात भिजायलाच हवं असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर बसतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. कोकणात आषाढ-श्रावणात ही आर्द्रता ९० च्या आसपास खेळत असते, त्यात खारा वारा आणि हाताचा घाम. गंमत अशी की नळीवरचा तो सुंदर निळसर-काळा रंग हाही लोखंडाचा एक ऑक्साइडच असतो. पण तो घट्ट, तेल धरून ठेवणारा. लाल गंज मात्र भुसभुशीत असतो. तो पाणी शोषतो, फुगतो आणि खालचं लोखंड उघडं पाडत जातो. ओल्या खोळीत, चामड्याच्या म्यानात किंवा फोम लावलेल्या पेटीत बंदूक ठेवली की ओल आणि लोखंड दोन्ही एकत्र कोंडली जातात. खोळ ही वाटेपुरती. घरात बंदूक कुलपात हवी, पण उघडी.

ठासणीच्या बंदुकीला शत्रू आतूनही असतो. काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. बार उडाल्यावर यातला निम्म्याहून अधिक भाग पोटॅशियमच्या क्षारांच्या रूपाने मागे उरतो, आणि हे क्षार मिठासारखे हवेतली ओल ओढून घेतात. अशा नळीत थेट तेल घातलं तर काहीच साधत नाही. क्षार तेलात विरघळत नाहीत, ते तेलाखाली सुरक्षित बसून लोखंड खात राहतात. त्यांना पाणीच लागतं.

आजोबा आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करत, मग नळी दस्त्यापासून सोडवत. तिचं मागचं टोक कढत पाण्याच्या टोपात बुडवत, गजाला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळत आणि पिचकारीसारखा गज वर-खाली करत. बार पेटवणारी टोपी बसते त्या बारीक भोकातून पाणी आत ओढलं जाई आणि परत बाहेर फेकलं जाई. पहिलं पाणी शाईसारखं काळं. त्याला कुजक्या अंड्याचा वास येई. तो गंधकाचा. तीन-चार वेळा पाणी बदलल्यावर चिंधी पांढरी निघे. पाणी कढतच हवं, कारण तापलेली नळी स्वतःच्या उष्णतेने आतून सुकते. ती पूर्ण सुकल्यावरच तेल.

तेल कुठलं, याबद्दल माझं मत ठाम आहे. खोबरेल घरात असतं म्हणून लावतात, पण वनस्पती तेल खवटतं, त्याला आम्लता येते, थंडीत ते थिजतं. शिलाई मशीनचं पातळ खनिज तेल बरं. डब्ल्यूडी-४० च्या नावातच पाणी हटवणं आहे. १९५३ साली चाळिसाव्या प्रयत्नात ते जमलं, म्हणून ४०. भिजलेल्या घोड्याच्या फटीतलं पाणी काढायला ते उत्तम, पण महिनाभर राखण करण्याची ताकद त्याच्या पातळ थरात नाही. वरून तेलाचा हात हवाच. तोही बेताचा, कारण जादा तेल ओघळून दस्त्यात उतरतं आणि लाकूड मऊ पडतं. पुसलेली बंदूक एक रात्र नळीचं तोंड खाली करून ठेवावी.

दस्त्याचं लाकूड पाणी पितं ते टोकाकडून, जिथे त्याचे रेशे कापलेले असतात. पाऊस सुरू व्हायच्या आधी तिथे जवसाचं तेल जिरवावं. या तेलाच्या चिंध्या बोळा करून फेकू नयेत, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात.

बांधावरून चालताना नळीचं तोंड चिखलात टेकलं तर बार काढायचा विचारही करू नये. चिखलाच्या बोळ्याने नळी फुगते, फुटते, हात जातो. बंदूक रिकामी करून, नळी साफ करूनच पुढे.

२०२४ मध्ये लोकसभेचा निकाल ४ जूनला लागला. निवडणुकीसाठी पोलीस ठाण्यात जमा केलेली आमची एकनळी परत आली तेव्हा मृगाचे ढग वर आले होते, आणि नळीवर बोटांचे नारिंगी ठसे उमटले होते. जमा करताना मी ती नुसती पुसून दिली होती. तिथे तिच्याकडे कोणी बघणार नाही, हे ओळखून ग्रीसचा जाड थर द्यायला हवा होता. ते ठसे बारीक पोलादी लोकरीने तेलातून घासून काढले, पण खालचा काळा रंगही गेला.

खंडेनवमीला सगळ्यांच्या बंदुका बाहेर येतात, घासूनपुसून पूजेला लागतात. तोवर पावसाचे चार महिने उलटलेले असतात, म्हणून आमच्या घरी पुसायचा वार ठरलेला आहे, मृगापासून दर रविवार. नवमीला फक्त हळदकुंकू आणि झेंडू. ओलं कुंकू आणि पाकळ्या नळीवर रात्रभर राहिल्या तर सकाळी त्यांच्याच आकाराचे डाग उठतात. आजोबा संध्याकाळी दिवा लावून झाला की फुलं उचलत, कुंकू कोरड्या फडक्याने टिपत आणि नळीवरून तेलाचा बोळा फिरवत.